कॅश रिकामी केली की मांजर बदलतं, दोन दिवसांनी पुन्हा तेच

वेबसाइटच्या कोपऱ्यात दर वेळी वेगळ्या मांजराचा फोटो दाखवणारा प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेला छोटा प्रोग्राम, बसवलेला असतो. सुरुवातीला मजेत चालतो. मग एकच मांजर ठाण मांडून बसतं. कुणीतरी सांगतं, कॅश, म्हणजे झटकन देता यावीत म्हणून साठवलेली तयार पानं, रिकामी करा. ती केली की मांजर बदलतं, सगळे खूश. परवा पुन्हा तेच मांजर, नाहीतर नुसती मोकळी चौकट. गुहागर-दापोली पट्ट्यातल्या होमस्टेंच्या वेबसाइट मी सांभाळतो. डिसेंबरात पाहुण्यांचा हंगाम लागला की या तक्रारीचे फोन सुरू होतात ते होळीपर्यंत.

आधीच सांगून टाकतो. कॅश रिकामी करणं हा इलाज नव्हे, त्याने फक्त पुढचं मांजर अडकतं. खरा प्रश्न आहे तो फोटोची निवड कुठे होते हा. सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या संगणकावर, निवडलेला फोटो वाटेत कोणी ना कोणी साठवून ठेवणारच, कारण साठवून ठेवणं हेच त्या सगळ्या यंत्रणांचं काम आहे. तीच निवड पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये झाली तर अडवायला मध्ये कोणी उरत नाही. सगळं वर्डप्रेस, म्हणजे साइट बनवायचं सॉफ्टवेअर, गृहीत धरून लिहितोय, कारण इकडच्या बहुतेक साइट त्यावरच आहेत. दुसरं काही वापरत असाल तरी कारणं हीच.

होमस्टेच्या साइटवर मांजर कशाला, असं विचारणाऱ्याने एकदा मे महिन्यात वेळणेश्वरला येऊन बघावं. गाडीतून उतरलेलं पोर समुद्राकडे नंतर धावतं, आधी पडवीतल्या मांजरामागे लागतं. तिथल्या एका काकूंच्या साइटवर आम्ही ‘आज ओटीवर कोण?’ अशी एक चौकट केली आहे. पान उघडलं की त्यांच्या मांजरांपैकी एकाचा फोटो आणि खाली नाव. काकूंचा फोन आला तो असा: “अरे, पाहुणे विचारतायत, तुमच्याकडे एकच मांजर आहे का? सात आहेत रे माझ्याकडे! आणि मला तर रोज वेगळं दिसतंय.”

या शेवटच्या वाक्यातच अर्धं निदान आहे.

मालकाला वेगळं, पाहुण्याला तेच

वर्डप्रेसचं पान म्हणजे तयार फाइल नसते. कोणी पत्ता उघडला की सर्व्हरवर पीएचपी (पान तयार करणारा कोड) चालतं, डेटाबेसमधून मजकूर काढतं, प्लगइनचा शॉर्टकोड (मजकुरात ठेवलेली त्याची खूण) दिसला की प्लगइनला हाक मारतं, प्लगइन एक फोटो निवडतो आणि त्याचा पत्ता पानात लिहून देतो. हे दर वेळी करायला वेळ लागतो, म्हणून कॅशचा प्लगइन (किंवा होस्टिंगवाल्याने परस्पर बसवलेली कॅश) तयार झालेलं पान जसंच्या तसं साठवून ठेवतो. पुढच्या माणसाला तेच साठवलेलं पान मिळतं, पीएचपी चालतच नाही. प्लगइनला हाक जात नाही. कॅश रिकामी झाल्यावर ज्याने पहिल्यांदा पान उघडलं त्याच्या वाट्याला आलेलं मांजर पुढे सगळ्यांच्या वाट्याला.

काकूंना मात्र रोज नवं दिसतं, कारण त्या बुकिंग बघायला साइटवर लॉगिन करून असतात आणि लॉगिन केलेल्या माणसाला कॅशचे प्लगइन सहसा साठवलेलं पान देत नाहीत, ताजं बनवून देतात. त्यामुळे मालक आणि पाहुणे दोघंही खरं बोलत असतात. फोनवर हा वाद सोडवायला जाऊ नका, वेळ जातो. मालकाला गुप्त खिडकी, म्हणजे ब्राउझरची इनकॉग्निटो विंडो उघडायला सांगा.

आता तपासणी. संगणकावर गुप्त खिडकीत पान उघडा, उजवी कळ दाबून पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, बघा आणि त्यात मांजराच्या फोटोचं फाइलनाव शोधा. पान दोन-तीनदा ताजं करा आणि प्रत्येक वेळी सोर्समधलं नाव बघा. पडद्यावरचा फोटो नव्हे, सोर्समधलं नाव. नाव दर वेळी तेच येत असेल तर पान साठवलेलं आहे. बरेच कॅश प्लगइन सोर्सच्या अगदी तळाशी एक ओळ टाकतात, हे पान कधी तयार झालं त्याची. तिथे कालची तारीख दिसली की आणखी पुरावा नको. नाव बदलतंय पण पडद्यावर मांजर तेच, असं असेल तर दोष ब्राउझरच्या बाजूला आहे, त्याचं पुढे बघू. आणि सोर्समध्ये फाइलनाव न दिसता बाहेरच्या एखाद्या मांजर-सेवेचा पत्ता दिसत असेल तर ती तिसरीच गोष्ट.

डेव्हलपर टूल्सची सवय असेल तर नेटवर्कच्या पानावर पहिल्या विनंतीचे हेडर (उत्तरासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळी) बघा. मध्ये क्लाउडफ्लेअरसारखं सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणी साठवणारी सेवा) असेल तर तिथे ‘हिट’ (साठवणीतून दिलं) की ‘मिस’ (साठवणीत नव्हतं) ते लिहिलेलं असतं. ‘एज’ नावाचा आकडा दिसला तर तो सेकंदांत असतो, पान किती वेळ साठवणीत पडून आहे त्याचा.

पानच कॅशमधून वगळलं तर?

वगळता येतं. प्रत्येक कॅश प्लगइनमध्ये अमुक पान साठवू नका असं सांगायची सोय असते, आणि शोधलंत तर हाच सल्ला सगळीकडे मिळेल. मला तो पटत नाही, निदान इकडच्या साइटसाठी तरी नाही. ही चौकट बहुतेक वेळा मुखपृष्ठावर असते आणि मुखपृष्ठच सगळ्यांत जास्त उघडलं जातं. स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट), त्यात जोडून सुट्ट्या आल्या की शुक्रवारी रात्री खोल्या बघणाऱ्यांची झुंबड, आणि बघणारा अर्ध्या वेळी घाटात, एका दांडीच्या नेटवर्कवर. अशा वेळी तयार पान झटकन जाणं महत्त्वाचं. एका मांजरापायी सगळं पान हळू करायचं, हा व्यवहार आतबट्ट्याचा.

त्यापेक्षा प्लगइनच्या सेटिंगमध्ये बघा. ‘अजॅक्स’ (पान उघडल्यावर ब्राउझरने वेगळी मागणी करून फोटो आणणं), ‘जावास्क्रिप्टने दाखवा’ किंवा ‘कॅशशी जुळवून घ्या’ अशा अर्थाचा पर्याय असेल तर तो चालू करा. नसेल तर प्लगइन बदला, किंवा थोडंफार कोड येत असेल तर हे स्वतः करा: सगळ्या फोटोंच्या पत्त्यांची यादी पानातच छापायची आणि पाच-सहा ओळींच्या स्क्रिप्टने ब्राउझरमध्ये त्यातला एक निवडायचा. वीस-पंचवीस पत्त्यांची यादी दोन-चार केबीच्या आत बसते. पान साठवलं गेलं तरी हरकत नाही, कारण यादी सगळ्यांना एकच हवी आहे. निवड तेवढी प्रत्येकाच्या फोनवर होते.

ती स्क्रिप्ट लिहिताना एक जुनी खोड सांभाळा. ‘मॅथ डॉट रँडम’ शून्य ते एकच्या मधला आकडा देतं, एक कधीच देत नाही. त्याला फोटोंच्या संख्येने गुणून ‘मॅथ डॉट फ्लोअर’ने खाली उतरवायचं. वीस फोटो असतील तर शून्य ते एकोणीस मिळतात, आणि यादीतले क्रमांक नेमके तेच असतात. पुष्कळ जण इथे ‘मॅथ डॉट राउंड’ लिहितात. मग शून्य ते वीस असे एकवीस क्रमांक होतात. विसाव्या क्रमांकावर फोटोच नाही, त्यामुळे साधारण चाळिसातून एकदा चौकट मोकळी दिसते आणि पहिल्या मांजराची पाळी बाकीच्यांच्या निम्म्याने येते. “कधीतरीच रिकामं येतं, ताजं केलं की नीट होतं” ही तक्रार ऐकली की नेटवर्कला शिव्या देण्याआधी हा शब्द तपासा. इकडे नेटवर्कवर ढकललं की कोणी शंका घेत नाही, म्हणून अशा चुका वर्षानुवर्षं लपून राहतात.

नाव बदललं, मांजर नाही

स्क्रिप्ट बरोबर चालते. कन्सोलमध्ये पाहिलं तर नव्या फोटोचा पत्ता बसलेला आहे. पडद्यावर मात्र जुनंच मांजर. हा प्रकार पहिल्यांदा बघणारा माणूस तासभर चक्रावून जातो.

कारण असं. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ४.४ या आवृत्तीपासून वर्डप्रेस फोटोच्या टॅगमध्ये, म्हणजे कोडमधल्या फोटोच्या ओळीत, आपणहून ‘एसआरसीसेट’ घालतं. त्यात एकाच फोटोच्या लहानमोठ्या आकारांचे पत्ते असतात, फोनला छोटा आणि मोठ्या पडद्याला मोठा फोटो मिळावा म्हणून. आपली स्क्रिप्ट बदलते फक्त ‘एसआरसी’, म्हणजे फोटोचा मुख्य पत्ता. ब्राउझर मात्र ‘एसआरसीसेट’ असेल तर आधी त्याचं ऐकतो, आणि तिथे अजून जुन्या मांजराचेच पत्ते आहेत. उपाय सोपा. ‘एसआरसी’ बदलताना ‘एसआरसीसेट’ आणि ‘सायझेस’ दोन्ही काढून टाका, किंवा नव्या फोटोचे टाका. फोटो हलके करणारा एखादा प्लगइन असेल तर तो टॅगभोवती ‘पिक्चर’ नावाचं वेष्टण घालून आत वेबपी या हलक्या प्रकारातल्या फोटोंचे पत्ते ठेवतो. तिथेही हेच, आतल्या ‘सोर्स’चा शब्द शेवटचा. त्या प्लगइनला सांगून ही चौकट वगळून घ्या.

याच ठिकाणी खालचं नाव आणि पर्यायी मजकूर (फोटोचं शब्दांतलं वर्णन) बदलायला विसरू नका. काकूंच्या साइटवर एकदा फोटो बोंबल्याचा आणि खाली नाव ‘सुरमई’ असं सुरू झालं. सुरमई ही राखाडी रंगाची, अंगाने शेलाटी मांजरी. बोंबल्या म्हणजे भगवा, जाडा बोका. नेहमी येणाऱ्या पाहुण्यांनी लगेच पकडलं. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही असा माणूस पडदा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने साइट ऐकतो तेव्हा फोटोच्या जागी त्याच्यापर्यंत फक्त पर्यायी मजकूर पोचतो, तो चुकीचा असेल तर त्याला कळायला दुसरा मार्गही नसतो. म्हणून यादीत नुसते पत्ते ठेवू नका. पत्ता, नाव आणि मजकूर असं त्रिकूट ठेवा आणि तिन्ही एकदम बदला.

रोज बरोबर दुसऱ्या दिवशी बंद पडणारी चौकट

आता शीर्षकातल्या दोन दिवसांकडे येतो. अजॅक्सचा पर्याय चालू केला, सगळं झकास झालं, आणि दुसऱ्या दिवशी चौकट रिकामी. कॅश रिकामी केली, परत झकास. दुसऱ्या दिवशी परत रिकामी. हे इतकं नेमाने होतं की मालकाला वाटतं होस्टिंगवालाच रात्री काहीतरी करतोय.

वर्डप्रेसमध्ये ‘नॉन्स’ नावाची एक परवल, म्हणजे परवलीचा शब्द, असते. पानातून सर्व्हरला मागणी जाते तेव्हा ही मागणी आपल्याच पानातून आली आहे हे ओळखायला ती सोबत पाठवतात. बरेच प्लगइन ही परवल पानात छापून ठेवतात. तिचं आयुष्य मुळात २४ तासांचं, आणि ते १२-१२ तासांच्या दोन टप्प्यांत मोजतात. म्हणून पहिल्या टप्प्याच्या सुरुवातीला छापलेली परवल जवळजवळ २४ तास चालते, शेवटाला छापलेली १२ तासांपेक्षा थोडीच जास्त. आता पान साठवलेलं असेल तीन दिवसांचं, तर त्यातली परवलही तीन दिवस जुनी. पाहुण्याचा फोन ती घेऊन सर्व्हरकडे जातो, सर्व्हर ४०३ (परवानगी नाही) म्हणून परत पाठवतो, उत्तरात नुसतं ‘-१’ येतं, आणि चौकट मोकळी राहते. कॅश रिकामी केली की नवं पान, नवी परवल, म्हणून पुन्हा चालू.

खात्री करायची असेल तर नेटवर्कच्या पानावर ‘अ‍ॅडमिन-अजॅक्स’ची ओळ शोधा. उत्तर ४०३ आणि ‘-१’ असेल तर परवल शिळी झाली आहे. ४०० आणि ‘०’ असेल तर मागणीचं नावच सर्व्हरला ओळखता येत नाही. हे बहुतेक वेळा प्लगइन लिहिणाऱ्याने लॉगिन न केलेल्या लोकांसाठीची नोंद करायची राहून गेल्यामुळे होतं. मालकाला दिसतं आणि पाहुण्याला दिसत नाही, याचं हे दुसरं कारण.

तात्पुरता उपाय म्हणून पानाची साठवण दहा तासांवर आणा, म्हणजे परवल शिळी व्हायच्या आत पान बदलेल. कायमचा उपाय म्हणजे इथे परवल काढूनच टाकणं. मांजराचा फोटो बघणं हे काही गुपित नाही, त्याने डेटाबेसमध्ये काही बदलतही नाही. फोटो मागायला साधी उघडी रेस्ट विनंती (वर्डप्रेसकडून ठरलेल्या पत्त्यावर माहिती मागायची पद्धत) पुरते. फक्त तिच्या हेडरमध्ये जुनी परवल चुकूनही पाठवू नका. परवल नसेल तर वर्डप्रेस उघडी माहिती देऊन टाकतं, पण चुकीची परवल असेल तर उघडी माहितीसुद्धा नाकारतं. आणि खरं सांगायचं तर पन्नासएक फोटोंपर्यंत अजॅक्सची गरजच नसते, वर सांगितलेली पानातली यादी पुरे.

बाहेरून येणारी मांजरं

द कॅट एपीआय किंवा कॅटास अशा सेवा आहेत, ज्यांना विचारलं की कुठल्याही मांजराचा फोटो मिळतो. स्वतःचे फोटो नसतील तर सोय चांगली. पण तिथे पत्ता एकच असतो आणि फोटो दर वेळी वेगळा, आणि ब्राउझरचा सगळा हिशोब पत्त्यावर चालतो. पत्ता तोच तर फोटो तोच, असं तो धरून चालतो. एकाच पानावर हा पत्ता दोन ठिकाणी टाकलात तर दोन्हीकडे सहसा एकच मांजर येईल. समोरच्या सेवेने साठवू नका असं बजावलं असलं तरीही, कारण एका पानापुरती फोटोंची यादी ब्राउझर स्वतःपाशी ठेवतो. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन पुढे बदलता आकडा लावला की पत्ता वेगळा ठरतो. तो आकडाही स्क्रिप्टने ब्राउझरमध्येच लावा. पीएचपीने लावलात तर तो पानाबरोबर साठवला जाईल आणि आपण फिरून पहिल्या पायरीवर.

स्वतःच्या सर्व्हरवर असा पत्ता बनवला असेल तर त्याच्या शेवटी ‘डॉट जेपीजी’ लावायचा मोह टाळा. क्लाउडफ्लेअर पानं सहसा साठवत नाही, पण जेपीजी, सीएसएस, जेएस अशी शेपटी बघितली की साठवतं. शेपटी काढा, किंवा हेडरमध्ये ‘नो-स्टोअर’ लिहा. ‘नो-कॅश’ नावाने फसू नका. त्याचा अर्थ साठवू नका असा नाही, साठवा पण वापरण्याआधी विचारून घ्या असा आहे.

या सेवांना मर्यादाही असतात. प्लगइन फोटो सर्व्हरवरून मागवत असेल तर सगळ्या पाहुण्यांच्या विनंत्या एकाच आयपीवरून, म्हणजे सर्व्हरच्या नेटवर्कवरच्या एकाच क्रमांकावरून, जातात, आणि शेअर्ड होस्टिंगमध्ये त्याच आयपीवर आणखी शेकडो साइट असू शकतात. मर्यादा ओलांडली की ४२९ असं उत्तर येतं आणि मांजर गायब. सकाळी चालतं, रात्री चालत नाही, असं असेल तर हा आकडा शोधा.

माझं मत विचाराल तर होमस्टेच्या साइटवर बाहेरची मांजरं नकोतच. माडाच्या बागेतलं घर, जांभ्या दगडाची ओटी, आणि चौकटीत शेकोटीपुढे गालिच्यावर लोळणारं लांब केसांचं विलायती मांजर, हे बघताना कसंतरी वाटतं. बंदरावर जाऊन फोटो काढले तरी चालेल. हर्णैला मासळीचा लिलाव लागतो तेव्हा मांजरांना बोलवावं लागत नाही. तिरंगी मांजर दिसलं तर ती बहुधा मांजरीच असते, तेव्हा नाव ठेवताना बोक्याचं ठेवू नका. काळा आणि भगवा हे रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि दोन्ही रंग एकत्र यायला सहसा दोन एक्स लागतात.

फोटोच येत नाही

स्वतःचे फोटो टाकले की वेगळ्या अडचणी. आयफोनवर २०१७ पासून फोटो हेइक प्रकारात साठतात, आणि तो प्रकार पुष्कळ ब्राउझरना दाखवता येत नाही. वर्डप्रेस ६.७ पासून चढवतानाच त्याचं जेपीजी करून देतं, पण सर्व्हरवर तशी सोय असेल तरच. काकूंच्या मुलीने मुंबईहून पाठवलेले तेवढे फोटो दिसत नाहीत, असं असेल तर आधी फाइलची शेपटी बघा.

फोल्डरमधून फोटो उचलणाऱ्या प्लगइनमध्ये अक्षरांचा घोळ असतो. विंडोजला मोठं आणि लहान इंग्रजी अक्षर सारखंच, लिनक्स सर्व्हरला वेगळं. कॅमेऱ्यातून आलेली फाइल मोठ्या अक्षरांतली जेपीजी आणि यादीत लहान अक्षरांत लिहिलेली, एवढ्यावरून घरच्या संगणकावर दिसणारा फोटो साइटवर ४०४ देतो. आणि अशा फोल्डरमध्ये एफटीपीने (वर्डप्रेसला वगळून थेट सर्व्हरवर) टाकलेले फोटो कोणी लहान करत नाही. मीडियामधून चढवलात तर वर्डप्रेस ५.३ पासून २५६० पिक्सेलच्या वरचा फोटो आपोआप लहान करतं, फोल्डरमध्ये मात्र चार-पाच एमबीचा फोटो तसाच जातो. पावसात टॉवर अर्धे बंद असताना तो फोटो उघडायला लागणारा वेळ बघितलात की मांजर अडकलं नसून वाटेत आहे हे कळेल.

साइट एचटीटीपीएसवर गेली पण यादीतले जुने पत्ते एचटीटीपीने सुरू होणारे राहिले, तरीही फोटो अडवला जाऊ शकतो. पत्ते बदला.

आणखी एक गंमत. साइट वेगवान करणाऱ्या प्लगइनमध्ये ‘जावास्क्रिप्ट उशिरा चालवा’ असा पर्याय असतो. तो चालू असेल तर पाहुणा पडद्याला बोट लावेपर्यंत किंवा माउस हलवेपर्यंत एकही स्क्रिप्ट चालत नाही. चौकट पानाच्या वरच्या भागात असेल तर आधी मोकळी दिसते आणि हात लावला की मांजर उडी मारून येतं. आपल्या स्क्रिप्टचं नाव त्या पर्यायाच्या अपवादांत टाका. चौकटीला उंची-रुंदी आधीच देऊन ठेवा, म्हणजे फोटो आल्यावर खालचं बुकिंगचं बटण सरकणार नाही.

‘रोज एक मांजर’ आणि पहाटे साडेपाच

काही प्लगइन दर वेळी नव्हे तर दिवसाला एकदा मांजर बदलतात. हे काम वर्डप्रेसचं स्वतःचं क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम उरकणारी यंत्रणा, करतं, आणि ते नावाचंच क्रॉन आहे. कोणी साइटवर आलं आणि पीएचपी चाललं तरच ते जागं होतं. सगळे पाहुणे साठवलेलं पान बघून गेले तर क्रॉन झोपलेलंच. श्रावणात, पाहुणे नसताना, मालकही लॉगिन करत नाहीत तेव्हा एकच मांजर कितीही दिवस दिसू शकतं. होस्टिंगच्या पॅनेलमधून खरं क्रॉन लावा, ठरावीक वेळाने ‘डब्ल्यूपी-क्रॉन’ची फाइल उघडणारं, आणि कॉन्फिग फाइलमध्ये वर्डप्रेसचं आपलं क्रॉन बंद करा. मांजर बदललं की त्या पानाची कॅशही रिकामी होते ना, तेही बघा. नाहीतर आत बदल झालेला असतो आणि बाहेर कालचंच पान.

मध्यरात्रीऐवजी पहाटे साडेपाचला मांजर बदलत असेल तर घाबरू नका. साइटची वेळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, राहिली आहे, सेटिंगमध्ये कोलकाता निवडा.

सगळं बरोबर आहे, तरी तेच मांजर

हेही होतं, आणि यात दोष कशाचाच नसतो. वीस फोटो असतील तर लागोपाठ दुसऱ्यांदा तेच येण्याची शक्यता ५ टक्के. पण सहा वेळा पान उघडलं तर त्या सहांत कुठलं ना कुठलं मांजर दोनदा दिसण्याची शक्यता साधारण ५६ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त. काकूंसारखे सातच फोटो असतील तर विचारूच नका. प्लगइन बिचारा प्रामाणिकपणे निवडतो आणि माणसाला वाटतं बिघडला.

माणसाला हवं असतं ते खेळायच्या पत्त्यांसारखं. एकदा पिसायचे, मग सगळे वाटून संपेपर्यंत एकही पान परत येत नाही. यासाठी फिशर आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञांची १९३८ सालची रीत थोड्या सुधारलेल्या रूपात आजही वापरतात: यादीच्या शेवटापासून सुरू करा, प्रत्येक जागेसाठी त्या जागेपर्यंतच्या फोटोंमधून (ती जागाही धरून) एक निवडा आणि अदलाबदल करा, असं करत पुढे या. यादी लावणाऱ्या ‘सॉर्ट’ला उलटसुलट उत्तरं देऊन ढवळायची एक पळवाट सर्रास दिसते. ती वापरू नका, त्यात काही क्रम जास्त वेळा येतात. पिसलेला क्रम आणि आपण कुठवर आलो तो आकडा ब्राउझरच्या ‘लोकल स्टोरेज’मध्ये ठेवा. क्रम संपला की पुन्हा पिसा, आणि नव्या क्रमातलं पहिलं मांजर जुन्यातल्या शेवटच्यासारखं निघालं तर त्याला मागे ढकला. फोटोंची यादी बदलली की जुना क्रम टाकून द्यायचा, हे स्क्रिप्टला सांगायला विसरू नका. नाहीतर नवं पिल्लू कधीच पडद्यावर येणार नाही.

गुप्त खिडकीत ही आठवण खिडकी बंद करेपर्यंतच टिकते, त्यामुळे हे तपासताना साधी खिडकी वापरा. आणि मागे जाण्याचं बटण दाबल्यावर तेच मांजर दिसलं तर ते योग्यच आहे, ब्राउझर सोडलेलं पान होतं तसं परत उभं करतो.

दुरुस्ती झाली की लगेच “झालं” म्हणून कळवू नका. कॅश नुकतीच रिकामी केलेली असते, त्या वेळी चुकीची दुरुस्तीसुद्धा बरोबर वाटते. दीड-दोन दिवस हात न लावता जाऊ द्या. मग लॉगिन नसलेल्या दुसऱ्या फोनवर, घरच्या वायफायवर नाही तर मोबाइल डेटावर, पान चार-पाचदा उघडा आणि तेवढ्यात प्लगइनची आवृत्ती लिहून ठेवा. पुढच्या अपडेटनंतर काही प्लगइन अजॅक्सचा पर्याय परत मूळ जागी नेऊन ठेवतात, तेव्हा कुठून सुरुवात करायची ते कळेल.